चंपाबाईंचं विरजण

मी तांदळाचा माणूस. सलमाबादला माझं गोदाम आहे. बासमतीपासून कोलमपर्यंत बहारीनमध्ये जो भात शिजतो, त्यातला थोडाफार माझ्या हातावरून जातो, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगतो. ते ऐकलं की माझी बायको मसूदा छताकडे बघते. पण तांदळातलं खरं कळतं कोणाला, असं कोणी विचारलं तर मी माझं नाव घेणार नाही, चंपाबाई खोब्रागड्यांचं घेईन. हे कबूल करायला मला सात वर्षं लागली. मी म्हसळ्याचा आहे, आणि मुख्तार म्हसळेकराने सहजासहजी हार मानली असं आजवर कोणी ऐकलेलं नाही.

अदलियात कॅफेंच्या रांगेमागे एक जुना बैठा व्हिला आहे, त्यात हिराओकांचं जपानी हॉटेल. व्हिला बांधणाऱ्याने मागच्या अंगाला मोलकरणीसाठी एक खोली काढली होती. एक खिडकी, एक दिवा, आणि पलंग जेमतेम मावेल एवढी जागा. हिराओकांनी तिला आतून लाकडी फळ्या मारून घेतल्या आणि तीच हॉटेलातली सगळ्यात मानाची खोली झाली. चपला बाहेर काढायच्या, केस बांधायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे. आत कापडावर वाफवलेला तांदूळ पसरलेला असतो आणि त्याच्यावर बुरशी चढत असते.

हो, बुरशी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझंही तोंड वाकडं झालं होतं. तांदळावर बुरशी दिसली तर मी पोतं परत पाठवणारा माणूस. पण ही मुद्दाम चढवलेली, पांढरी, कापसासारखी. त्या तांदळाला ते कोजी म्हणतात. हिराओकांचं घराणं साके, म्हणजे तांदळाची दारू, करणाऱ्यांचं, आणि साकेची सुरुवात या कोजीपासून होते. इथे बहारीनमध्ये ते साके करत नाहीत, तसा परवानाही नाही आणि हौसही नाही. इथल्या कोजीचं ते एक गोड, दाट पेय करतात, पेजेसारखं, नशा नसलेलं. बुरशीचं बीज म्हणजे हिरवट पीठ, ते दर वर्षी गावच्या घरून छोट्या डबीत यायचं. नियम असा की दर खेपेला डबीतलंच नवं बीज शिंपडायचं. खोलीतला तांदूळ जुना होऊन हिरवा पडला की क्षणभरही ठेवायचा नाही, फेकून द्यायचा.

चंपाबाई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. नागपूरच्या एका डॉक्टर कुटुंबाबरोबर मुलं सांभाळायला आल्या होत्या. ते कुटुंब कॅनडाला गेलं आणि बाई हिराओकांकडे भांडी घासायला लागल्या. एका सकाळी भांड्यांचं घमेलं घेऊन जाताना त्यांनी वाफेवरच्या तांदळातली चिमूट उचलली, अंगठा आणि दोन बोटांत दाबली आणि म्हणाल्या, "कच्चा हाये अजून." हिराओकांनी घड्याळ बघितलं. घड्याळाच्या मते तांदूळ झाला होता. त्यांनी एक दाणा चावला, झाकण परत लावलं आणि चार मिनिटं काढली. दुसऱ्या दिवशी बाईंच्या हातात पांढरा एप्रन आला. त्यानंतर नऊ वर्षं त्या खोलीत तेच दोघं, एक बोलणारा आणि एक दाबून बघणारी.

हिराओका बोलायचे ते आपल्या जपानमधल्या गावाबद्दल. हिराओकांचं हिंदी बहारीनमध्ये शिकलेलं, त्यामुळे रोज दोन-तीनच वाक्यं व्हायची. पण नऊ वर्षांत दोन-तीन वाक्यांचं एक अख्खं गाव उभं राहिलं. डोंगरातलं गाव, मधून दगडांनी बांधलेला ओढा, त्यावर एक पूल, खाली मासे, आणि ओढ्याच्या काठाने साकेवाल्यांची सात घरं. भिंती काळ्या लाकडाच्या, वरती पांढरा चुना. प्रत्येक घराच्या वळचणीला देवदाराच्या डहाळ्यांचा मोठा गोळा टांगलेला. नवी साके गाळली की हिरवागार गोळा लावायचा. तो उन्हापावसात तांबूस होत जातो, तसतशी आतली साके मुरते. वाटसरूने मान वर करून बघावं, आत काय चाललंय ते त्याला कळतं. सातवं घर हिराओकांचं. थंडीत पहाटे तिथे तांदूळ वाफवतात, आणि छपरातून निघालेली वाफ रस्त्यावर उतरते.

मी पोती घेऊन जायचो तेव्हा बाई बहुधा खोलीबाहेरच्या स्टुलावर बसलेल्या असायच्या, हात मांडीवर, डोळे मिटलेले.

"काय चंपाबाई, झोपलात?"

"नाही जी मुख्तारभाऊ. फिरून राहिली."

"कुठवर आलात?"

"पुलावर. मासे पाहून राहिली. आज बर्फ पडला असंन तिकडं."

मी चेष्टा करायचो. मुंबईवरून गेलात का दिल्लीवरून, व्हिसा कोणी दिला, मासे कसे किलो आहेत. बाई हसायच्या आणि डोळे मिटूनच ठेवायच्या. हळूहळू मलाही लागण झाली. एकदा बुसैतीनहून येताना पुलावर गाड्या अडकल्या होत्या, समुद्रावर धुकं होतं, आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून त्या ओढ्याच्या काठाने चालत तिसऱ्या घरापर्यंत पोचलो होतो. मागच्याने हॉर्न मारला तेव्हा मी परत आलो. मसूदाला हे सांगितलं नाही. दारू करणाऱ्यांच्या गावात मी मनाने का होईना फिरतो, हे तिला रुचलं नसतं.

आम्ही दोघंही न पिणारे, ती एक गंमतच. माझं कारण उघड आहे. बाईंचं पाचवं शील. दर रविवारी चार बौद्ध कुटुंबं कोणाच्या तरी घरी जमून वंदना घेतात, तिथे बाई पाचवं शील सगळ्यांत मोठ्याने म्हणतात. एकदा मी डिवचलं, "तुमच्या मालकाच्या घरची साके, त्याचं काय?" त्या म्हणाल्या, "तांदूळ फुलवाचं काम माहं. पुढचं तेयचं." मग स्वतःच म्हणाल्या, "तरी मनात येते जी कधी कधी."

हिराओकांनी त्यांना शब्द दिला होता, "चंपा-सान, जाने से पहले एक सर्दी, मेरे घर." जायची तारीख ठरली होती. मार्चमध्ये व्हिसा संपणार, मुलगा विश्वजीतने भंडाऱ्याला खोली बांधून ठेवलेली, परत येणं नाही. म्हणजे बाईंच्या हातात हीच एक थंडी होती. नऊ वर्षं डोळे मिटून पाहिलेलं गाव डोळे उघडून पाहायचं, एवढंच त्यांना हवं होतं. आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मी तरी ऐकलं नाही.

आणि नोव्हेंबरात बातमी आली. त्या गावात मोठा पाऊस झाला, सातव्या घराच्या छपराची कौलं सरकली आणि माळ्यावर ठेवलेलं बीज भिजून काळं पडलं. सगळंच. इथली डबी तर ऑक्टोबरातच संपली होती. बाकीची सहा घरं बाजारातून बीज घेतात, ते चांगलंच असतं. पण हिराओकांचे थोरले भाऊ, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, ते म्हणाले, त्या बीजाची साके चांगली असेल, आमची नसेल. यंदा चूल पेटणार नाही. पुढेही नाही.

हिराओकांनी बाईंसमोर कमरेतून वाकून माफी मागितली. "भाप नहीं, तो क्या दिखाऊँ?"

मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा बाई स्टुलावर नव्हत्या. भाजीच्या क्रेट्समागे उभ्या होत्या, चेहरा उतरलेला. मला वाटलं, गाव बुडालं म्हणून. तसं नव्हतं.

"मुख्तारभाऊ, माह्याकडं हाये."

"काय आहे?"

"विरजण."

मग सगळं बाहेर आलं. पहिल्या खेपेपासून बाई प्रत्येक घाण्यातली मूठभर कोजी बाजूला काढत होत्या. घरातलं विरजण कधी संपवायचं नाही, हे त्यांना आईने शिकवलेलं. हिराओकांची डबी म्हणजे विकतचं विरजण, ते संपलं तर? म्हणून ती मूठ त्या हिरवी होऊ द्यायच्या, वाळवायच्या आणि राखेत घोळून दुधाच्या पावडरच्या डब्यात भरायच्या. राख कशाला? तर भंडाऱ्याकडे बियाणं राखेत ठेवतात, कीड लागत नाही. हॉटेलच्या शेगडीतली कोळशाची राख, ओढणीच्या कापडातून चाळलेली. जुनं झालं की थोड्या तांदळावर नवं उगवून घ्यायचं. डबा त्यांच्या खोलीत पलंगाखाली होता.

"नऊ वर्षं?"

"नऊ. डब्बा तिसरा हाये."

"आणि त्या माणसाचं घर बुडतंय आणि तुम्ही इथे क्रेट्समागे उभ्या?" माझा आवाज चढला. माझा चढतोच.

"हिरवं झालं का फेकाचं, असं तेयनं सांगतलं होतं जी. मी नाही फेकलं. चोरीच झाली न ते. खोलीतून काढतीन मले."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि दोन्ही मी पोत्यावर काढलं, धाडकन खाली टाकलं. यल्ला, चला, म्हटलं, डबा आणा.

हिराओकांनी झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "हरा? मेरे कमरे का? नौ साल?" बाई ओढणीचं टोक मुठीत धरून उभ्या. मी मध्ये पडणार होतो, पण हिराओकांनी बोट डब्यात घातलं आणि ते राखाडी होऊन बाहेर आलं.

"ये क्या?"

"राख."

"किसने सिखाया?"

"कोनीच नाही. बियानं राखेतच ठेवतात न."

हिराओका तिथेच जमिनीवर बसले. त्यांनी सांगितलं की आजोबा घरी बीज करायचे तेव्हा लाकडाची राख लावायचे. त्या दोघा भावांना माळ्यावर चढायची परवानगी नव्हती, खाली पडलेली राख तेवढी आठवते. आजोबा गेल्यावर त्यांनी करून ठेवलेल्या साठ्यातलंच थोडं थोडं वापरत आले, आणि नवं बीज कसं करायचं हे घरात कोणालाच येत नव्हतं. मला हे मोठं नवल वाटलं. बाईंना मात्र त्यात नवल वाटलं नाही. बियाणं म्हटलं की राख, त्यात विचारायचं काय?

त्या दुपारी तांदूळ वाफवला. बाईंनी दाबून बघितला, पसरला, आणि डब्यातली चिमूट वरून भुरभुरली. पुढचे दोन दिवस मी काही ना काही निमित्त काढून तिथे जात होतो. मसूदा म्हणाली, "काय वो, एवढ्या खेपा? त्या खोलीत पिल्लं व्हायचीत का?" तिसऱ्या सकाळी दार उघडलं तर दाण्यादाण्यावर पांढरी लव. खोलीभर उबदार गोड वास. हिराओका म्हणाले भाजलेल्या चेस्टनटचा, बाई म्हणाल्या, "मोहफुलं वाळत घातल्यावानी." हिराओकांनी चिमूटभर तोंडात टाकली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मी रडलो नाही, असं मी मसूदाला सांगितलं आहे.

फोनच्या पडद्यावर थोरले हिराओका आले. अरुंद चेहरा, पांढऱ्या भुवया. कोजीचं ताट त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि भावाशी दोन-चार वाक्यं बोलले. बीज पाठव, यंदा चूल पेटेल. बाईंचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. "मंग कधी निघाचं जी?"

तेव्हा मी तोंड उघडलं. उघडलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला पुढचे बरेच दिवस वाटत होतं. मी म्हटलं, "तिकडच्या खोलीतही चंपाबाईच बसणार ना? या बीजाचा स्वभाव त्यांनाच माहीत."

हिराओकांनी मान खाली घातली. त्या घरात कोजीच्या खोलीत बाईमाणूस जात नाही. फार जुनी चाल आहे. बाकीच्या सहा घरांनी ती केव्हाच सोडली, दोन ठिकाणी तर साके करणाऱ्या मुख्य बायकाच आहेत. भावाने सोडली नाही. "बाहर से देखेगी," ते म्हणाले. "हॉल में भाप बहुत अच्छा. और रूम के दरवाज़े में काँच है."

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, घट्ट बसलंय का पाहिलं, आणि माझ्याकडे बघून मराठीत बोलल्या.

"आमच्या गावी रोवणी आमी करो. कापणी आमी, मळणी आमी. धानाचं पोतं डोक्यावर घेऊन माही माय पाटलाच्या कोठीवरी जाये. उंबऱ्यापाशी उतरवाचं. आत दुसरा मानूस नेये. तिचा हात धानाच्या बांधीत चाले, कोठीत नाही चाले. मी लहान होती, तिच्यासंग उभी राहो. आत कसं असते, ते मी कधीच नाही पाह्यलं." त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. "आता साठ वर्षांची झाली. माहं विरजण आत जाईन अन् मी काचेतून पाहीन, हे नाही जमत जी. तेयले सांगा, विरजण घेऊन जा. मी नाही येत."

"देऊच नका!" मी ओरडलो. "खलास! बसू दे म्हातारा बाजारचं बीज घेऊन."

"त्या बुरशीचा काय दोष? नऊ वर्सं जगवली ते मारासाठी काय?"

त्यांनी अर्धं बीज पुडीत बांधून दिलं. हिराओकांनी सगळं जसंच्या तसं भावाला सांगितलं, उभं राहून. मग पडदा काळा झाला.

पुढचे दिवस वाईट गेले. बाई काम करत होत्या, तांदूळ दाबून बघत होत्या, वेळेवर हसतही होत्या. पण स्टूल रिकामं. मी एकदा विचारलं, कुठवर आलात? त्या म्हणाल्या, "नाही जी. आता नाही फिरत." मी गोदामात येऊन तीन माणसांवर विनाकारण खेकसलो. मला वाटत होतं, माझ्या एका प्रश्नाने त्यांचं गाव गेलं. मसूदाला सगळं सांगितलं, गावात फिरण्यासकट. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही विचारलं नसतं तर ती बिचारी एवढं लांब जाऊन दारात उभी राहिली असती." तरी मला झोप गोड लागेना.

डिसेंबर संपता संपता थोरल्यांचा फोन आला. मी तिथेच होतो, नशिबाने. त्यांनी ते बीज दोनदा पेरलं होतं. दोन्ही वेळा तांदूळ तापून करपट झाला. या बीजाने नऊ वर्षं बहारीनची हवा आणि एकाच बाईचा हात ओळखला, ते आपलं ऐकत नाही, असं ते म्हणाले. पुढचं हिराओकांनी सावकाश हिंदीत सांगितलं, प्रत्येक शब्द जागेवर आहे ना हे बघत. भाऊ म्हणतो, खोली माझ्या वडिलांची, बीज तिचं. वडिलांच्या फोटोसमोर बसून मी त्यांना सांगितलं आहे. तिला यायला सांग.

"आत न जी?" बाईंनी विचारलं. "पक्कं विचारा."

हिराओकांनी विचारलं. पडद्यावरचा म्हातारा वाकला, इतका खाली की नुसते पांढरे केस दिसत राहिले.

जानेवारीत बाई निघाल्या. मसूदाने आपला लोकरीचा कोट दिला, तो त्यांना घोट्यापर्यंत आला. चौथ्या दिवशी सकाळी मी गोदामात पोती मोजून घेत होतो, तेव्हा फोन वाजला. पडद्यावर बर्फ. हिराओका फोन धरून चालत होते आणि पुढे बाई, कोटात बुडालेल्या, जपून पाय टाकत. काळ्या भिंती होत्या, ओढा होता. गोळे होते, काही तांबूस, एक अगदी हिरवा.

"पूल दाखवा की," मी म्हटलं.

"पूल नाहीच जी! कधीचाच मोडला म्हनते. अन् मासे थंडीत तळाशी जातेत." त्या मोठ्याने हसत होत्या. "गाव लहान हाये. मी लई मोठं केलतं."

सातव्या घराचं दार आलं. दारात थोरले उभे होते. बाईंनी बूट काढले, कोट काढला, हात कोपरापर्यंत धुतले. मग एक जाड लाकडी दार सरकल्याचा आवाज झाला आणि पडदा एकदम पांढरा झाला. थंडीतून उबेत गेलं की फोनची काच अशी धुरकटते, हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मी पोती मोजायची सोडून ओरडलो.

"चंपाबाई, काही दिसत नाही! कुठे आहात?"

पलीकडे कोणीतरी तांदूळ हाताने मोकळा करत होतं, सळसळ ऐकू येत होती. ती थांबली.

"आत," त्या म्हणाल्या. "आत हाये जी मी."